उघडी राहिलेली पानं

"हलू नकोस रे, कुंकू नाकावर येईल," मी म्हणाले, तरी दादा हललाच. पाटावर बसल्या बसल्या त्याची मान सारखी टीव्हीकडे वळत होती, कारण धनंजय, म्हणजे माझा नवरा, लॅपटॉपची केबल टीव्हीच्या मागे खुपसत होता.

"शिरीषराव, ओवाळून घ्या पटकन. नवा ब्राउझर आलाय. परवाच अपडेट झाला. तुमचं मत हवंय."

"रजू, आटप," दादा मला म्हणाला. वर्षातून एकदा बहिणीकडे येतो, आणि ताटातलं निरांजन विझायच्या आत त्याला ब्राउझर बघायचा होता. दादा पुण्याला एका कंपनीत संगणकांच्या सुरक्षेचं काम करतो. वहिनी भाऊबीजेला तिच्या माहेरी गेलेली, त्यामुळे हा एकटाच सांगलीला आला होता आणि आल्यापासून दोघांचं तेच चाललं होतं.

"थांबा, फोटो राहिला," धनंजय म्हणाला. त्यानं ओट्यावरचा माझा फोन उचलला, ओवाळतानाचा एक फोटो काढला आणि फोन स्वतःच्या खिशात टाकला. माझं लक्ष त्या खिशावरच अडकलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तरी तो खिसा मला अजून दिसतो. त्याचं कारण सांगायला हवं.

धनंजयचं एक तत्त्व होतं. नवराबायकोत लपवायचं काय असतं? हे वाक्य तो इतक्या प्रेमानं म्हणायचा की लग्नानंतर मी ते कौतुकानं मैत्रिणींना सांगत सुटले होते. त्याचा लॅपटॉप, माझा फोन, सासूबाईंचा टॅब, सगळं त्याच्या एकाच खात्यावर होतं. संध्याकाळी लोक पेपर वाचतात तसा तो माझा फोन वाचायचा. कुणाचा फोन आला, मी काय शोधलं, मी शिकवायचे त्या शाळेतल्या कुठल्या सरांनी कसला निरोप पाठवला, सगळं. मग चौकशी व्हायची. कधी ती चौकशी जेवणाच्या ताटावरच संपायची, कधी खोलीचं दार लावून. दार लागलं की तो मारायचा. हे इतकं सरळ मला तेव्हा मनातसुद्धा म्हणता येत नव्हतं.

दादाला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. तो फोनवर "कशी आहेस?" विचारायचा आणि मी "सगळं छान" म्हणायचे. त्याच्या दृष्टीनं धनंजय म्हणजे लाखात एक जावई होता.

पण त्या दिवाळीत मी ठरवलं होतं. कोल्हापूरच्या एका वकीलबाईंचं नाव मला शाळेतल्या मैत्रिणीनं कानात सांगितलं होतं. भाऊबीजेच्या सकाळी धनंजय आंघोळीला गेलेला असताना मी त्यांचा पत्ता फोनवर शोधला. असलं काही शोधायचं तर मी खाजगी खिडकी उघडायचे, म्हणजे मागे खूण राहत नाही. पण नव्या अपडेटनं माझ्या फोनवरही सगळी चिन्हं इकडची तिकडे करून ठेवली होती. मी घाईत जे दिसलं ते दाबलं, पत्ता वाचला, तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली आणि मी फोन ठेवून कणीक मळायला लागले. मी उघडलेली खिडकी खाजगी होती की साधी? पान बंद केलं की नुसताच फोन उलटा ठेवला? मला काही केल्या आठवेना, आणि फोन आता त्याच्या खिशात होता.

"हं, बघा," धनंजय सोफ्यावर बसत म्हणाला. टीव्हीवर ब्राउझरचं पांढरंशुभ्र पान आलं. "एक तर कसला पळतोय! दुसरं म्हणजे एखादी साइट खोटी असली की लाल पाटी दाखवतो. आणि पासवर्ड स्वतःच बनवतो, स्वतःच लक्षात ठेवतो. डोक्याला तापच नाही."

"लाल पाटी चांगली आहे," दादा करंजी मोडत म्हणाला. "पासवर्डचंही चांगलं आहे. पण सगळे पासवर्ड ज्या कपाटात ठेवलेत त्या कपाटाला कुलूप कसलं, ते महत्त्वाचं. तुमच्या खात्याचा पासवर्ड काय आहे? म्हणजे मला सांगू नका, कसा आहे ते सांगा."

"कुलदैवताचं नाव."

"झालं! म्हणजे तुमच्या अख्ख्या भावकीला तो येतो."

दोघं हसले. धनंजय हसायला लागला की माणूस फार गोड दिसायचा. नवीन माणसाला तो लगेच आवडायचा.

दिवाणावर सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. मी त्यांना आई म्हणायचे. अतिशय कमी बोलणारी बाई. माझ्याशी तर कामापुरतंच. दूध आलं का, कपडे वाळले का, एवढंच. मांडीशेजारी त्यांचा टॅब असायचा आणि त्यावर कीर्तन चालू असायचं. आमच्या खोलीचं दार लागलं की त्या कीर्तनाचा आवाज वाढायचा. आपल्या मुलाचं काही कानावर पडायला नको म्हणून ही बाई देवाचं नाव मोठ्यानं लावते, असं मी समजत होते, आणि त्याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात कधी माफ केलं नव्हतं.

"आता खरी गंमत," धनंजय म्हणाला. "जुन्यात हे नव्हतं. इथे दाबलं की खात्यावरच्या सगळ्या उपकरणांवर काय काय उघडं आहे ते इथे बसून दिसतं. मी अजून नीट बघितलंच नाहीये. म्हटलं, तुम्ही आलात की बघू."

"ते बंद करा," दादा म्हणाला.

"का?"

"सोय वाईट नाही. तुम्ही ऑफिसात एखादं पान अर्धवट वाचलं, ते घरी उघडलं, ठीक आहे. पण ती एका माणसासाठी आहे. घरभर एकच खातं म्हणजे सगळ्यांची पत्रं एकाच पेटीत. कुणीही यावं आणि कुणाचंही वाचावं."

"कुणीही कसं? घरातलीच माणसं ना! चोर बाहेरून येतो, शिरीषराव."

"बहुतेक वेळा," दादा म्हणाला आणि दुसरी करंजी उचलली.

"लपवायचंच नसेल तर भीती कसली? काय गं?" धनंजयनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या बोटाखाली लॅपटॉपचं बटण होतं. "दाखवू का दादाला, तू दिवसभर काय करतेस ते?"

"अहो, फराळ थंड होतोय," मी म्हणाले.

दोघंही माझ्याकडे बघतच राहिले. मग दादा खो-खो हसला. "चकली थंड होतेय म्हणे! रजू, झोप झाली नाही का तुझी?"

हातातली बशी वाजू नये म्हणून मी ती पोटाशी धरली. एका क्षणात वकीलबाईंचं नाव दोन हात रुंद टीव्हीवर येणार होतं. दादा दुसऱ्या दिवशी पुण्याला परत जाणार होता आणि मी या घरात राहणार होते. मला फक्त तेवढंच दिसत होतं.

धनंजयनं बटण दाबलं.

टीव्हीवर माझ्या फोनचं नाव आलं आणि त्याखाली तीन ओळी. शाळेचं सुट्टीचं पत्रक. चकलीची भाजणी. सहावीचा भूगोल. बस्स.

माझा जीव भांड्यात पडला. खरंच सांगते, मी तिथेच दादाच्या रिकाम्या पाटावर बसले. देवा, खिडकी खाजगीच होती! आयुष्यात इतका आनंद मला भाजणी वाचून कधी झाला नव्हता.

"किती कंटाळवाणी बायको आहे माझी," धनंजय म्हणाला. "आणि हा आईचा टॅब."

"राहू द्या हो, काकूंचं काय बघायचं," दादा म्हणाला.

"धना, बंद कर ते," आई म्हणाल्या. हातातली वात त्यांनी खाली ठेवली होती.

"अगं, कीर्तनंच तर ऐकतेस. बघू दे की."

त्यानं दाबलं, आणि पडद्यावर ओळीच ओळी उतरायला लागल्या. तो खाली खाली जात होता तरी संपेनात. आईंना बोलून विचारायला मीच शिकवलं होतं. हा माइक दाबायचा, बोलायचं, की तो शोधतो. पण उघडलेलं पान बंदही करायचं असतं हे कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न जिथल्या तिथे उघडा पडला होता. शिवाय आई टॅबशीही परक्या माणसाशी बोलावं तसं रीतसर बोलायच्या, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक ओळ 'नमस्कार'नं सुरू होत होती.

"अरे बापरे!" धनंजयला हसू आवरेना. त्यानं आईंचा आवाज काढून वाचायला सुरुवात केली. "नमस्कार, आज प्रदोष आहे का. नमस्कार, माझे अनारसे का हसतात. बघा शिरीषराव, तिचे अनारसे तुपात विरतात आणि यानं तिला विनोद दाखवलेत! नमस्कार, गुडघ्याला एरंडेल लावावं की तिळाचं तेल."

दादा पोट धरून हसत होता. मीही हसत होते. सुटले होते ना मी! आई मात्र उठून उभ्या राहिल्या होत्या.

"धना, बंद कर म्हणते ना."

"थांब गं. नमस्कार, कार्तिक स्नानाचे नियम सांगा. नमस्कार, माझा मुलगा सुनेला मारतो, सासूला..."

तो त्याच लाडिक आवाजात वाचत गेला आणि 'सासूला' या शब्दावर थांबला. पुढचं टीव्हीवर होतंच. *सासूला तिच्या बाजूने साक्ष देता येते का.*

मला आधी कळलंच नाही की ती सून म्हणजे मी. कुणाची तरी ती गोष्ट आहे, बिचारीचं कसं होत असेल, असं काहीतरी माझ्या मनात येऊन गेलं. मग अंगावर गार पाणी पडल्यासारखी मी भानावर आले. या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं, एवढ्या एका समजुतीवर मी इतकी वर्षं उभी होते. कुणी बघत नव्हतं म्हणून तर मला सकाळी उठून डबा करता येत होता. आणि ही बाई सगळं बघत होती.

दादाच्या हातातली करंजी तशीच राहिली होती.

धनंजय केबल ओढायला उठला. "थांबा," दादा म्हणाला आणि त्यानं लॅपटॉप आपल्याकडे घेतला. त्यानं एक अक्षर मोठ्यानं वाचलं नाही. नुसता खाली जात राहिला आणि आम्ही सगळे टीव्हीकडे बघत राहिलो. पंचांग, तेल, अनारसे आणि त्यांच्या मध्ये मध्ये ते.

*नमस्कार मुलगा रागात असताना आईने मध्ये पडावे का.*

*नमस्कार सुनेने माहेरी सांगितले नाही तर कोणी सांगावे.*

आणि पार तळाशी, सगळ्यात जुनं, *नमस्कार सुनेच्या डोळ्याखाली काळेनिळे झाले आहे काय लावावे.*

तो दिवस मला आठवला. ओट्यावर एका वाटीत उगाळलेली आंबेहळद झाकून ठेवलेली होती. आई गुडघ्याला लावायला विसरल्या असतील असं समजून मी ती धुवून टाकली होती.

"हे काय आहे, धनंजयराव?" दादानं विचारलं.

"अहो, काही नाही." धनंजय हसला. इतक्या लवकर त्याला हसता आलं, याचाही मला धक्का बसला. "मालिका बघते ती. मालिकेतलं काहीतरी विचारलं असेल. नाहीतर... नाहीतर दुसऱ्याच कुणाचं आमच्याकडे आलं असेल! तुम्हीच आत्ता म्हणालात ना, एकच खातं, सुरक्षित नाही म्हणून? कुलदैवताचं नाव अख्ख्या भावकीला ठाऊक. कुणीतरी दुसऱ्यानं खातं वापरलं असेल. होऊ शकतं की नाही असं? तुम्ही यातले जाणकार. सांगा."

दादानं यादी पुन्हा वरपर्यंत नेली.

"होऊ शकतं," तो शेवटी म्हणाला.

धनंजयनं सुस्कारा टाकला. "बघा! तेच म्हणतोय मी."

"होऊ शकतं," दादा पुन्हा म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "रजू, हे दुसऱ्या कुणाच्या घरातलं आहे का?"

किती सोपं होतं. नुसती मान हलवायची होती. चहा करायचा होता, पासवर्ड बदलायचा होता, दादाला गाडीत चिवड्याचा डबा द्यायचा होता. धनंजय माझ्याकडे बघत होता. तो कसा बघतो ते मला चांगलं माहीत होतं.

"नाही," मी म्हणाले. "याच घरातलं आहे."

"रजनी, तोंड सांभाळ!" धनंजय ओरडला. दादासमोर तो पहिल्यांदाच ओरडला.

"तिच्यावर ओरडू नकोस," आई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी विचारलंय ते. सगळं मीच विचारलंय."

दादा उठला आणि माझ्या आणि धनंजयच्या मध्ये येऊन उभा राहिला. "रजू, जा, कपडे घे," तो म्हणाला.

मी आत जाऊन कपाट उघडलं. काय घेत होते मलाच कळत नव्हतं. पिशवीत मी शाळेच्या वह्या भरल्या, मग बाहेर काढल्या, मग साड्या कोंबल्या. आई मागोमाग येऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांना बघितलं आणि मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटायला हवं होतं, पण मला आला तो संताप.

"त्या यंत्राला विचारत होतात," मी म्हणाले. "इतके दिवस त्याला विचारत होतात. मला एकदा तरी विचारायचं होतंत, आई."

"तू काय सांगितलं असतंस?"

मी आणखी एक साडी पिशवीत कोंबली.

"सगळं छान आहे, असंच ना?"

"तरी विचारायचं होतंत!" मी रडत होते. "दार वाजवायचं होतंत. आत यायचं होतंत. कीर्तनाचा आवाज कसला वाढवत होतात?"

"तो लाजून थांबेल म्हणून," त्या म्हणाल्या. "मी जागी आहे एवढं त्याला कळावं म्हणून." मग म्हणाल्या, "आत यायला हवं होतं. खरं आहे तुझं. मला भीती वाटायची."

त्यांनी स्वतःच्या बाजूनं याहून जास्त काही सांगितलं नाही. मी खाली टाकलेल्या वह्या गोळा करून त्यांनी पिशवीत घातल्या.

आम्ही बाहेर आलो तेव्हा धनंजय सोफ्यावर बसला होता. टीव्हीवर ती यादी तशीच होती. "जाऊ दे तिला," तो दादाला म्हणत होता. "जाऊ दे चार दिवस. डोकं शांत झालं की येईल. नाहीतर करा काय करायचं ते. चार भिंतींतलं कोण सांगणार? पुरावा काय? म्हाताऱ्या बाईनं काहीतरी बडबडलं टॅबवर, तो पुरावा?"

आईंनी कोपऱ्यातल्या चपला पायात घातल्या.

"तू कुठे निघालीस?" धनंजयनं विचारलं.

"देता येते," आई म्हणाल्या.

"काय?"

"साक्ष. सासूलासुद्धा देता येते. मी विचारलं होतं ना, त्याचं उत्तर आलं होतं. तू प्रश्नच तेवढे वाचलेस."

तो उठला, पुन्हा बसला. त्यानं "आई" अशी हाक मारली, अगदी लहान मुलासारखी. त्या क्षणी आईंचा चेहरा इतका वेडावाकडा झाला की त्या आता चपला काढणार असं मला वाटलं. त्यांनी डोळे पुसले, पदर खोचला आणि दादाला म्हणाल्या, "गाडी काढा."

सणाचा दिवस म्हणून पोलीस चौकीत शुकशुकाट होता. टेबलामागे एक तरुण हवालदारीणबाई फराळाचा डबा उघडून बसल्या होत्या. तो बाजूला सारून त्यांनी माझं नाव, गाव, नवऱ्याचं नाव विचारलं. दादाला विचारलं, त्यानं "मुलीचा भाऊ" म्हणून सांगितलं. अशी भांडणं त्यांच्यासमोर रोजच येत असणार. दोन्हीकडची माणसं यायची, एकमेकांवर ओरडायची. त्यांनी आईंकडे बघितलं.

"आणि आजी, तुम्ही? मुलाकडच्या की मुलीकडच्या?"

आई उभ्याच होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आधारासाठी ठेवावा तसा, आणि त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर आला.

"मुलाची आई आहे मी," त्या म्हणाल्या. "मुलीकडून आलेय."